तिशीत पदवीला प्रवेश घेतलाय आणि सोरॉरिटीत जायचंय? मग हे आधी वाचा

अमेरिकेत लग्न करून आलेल्या, काही वर्षं एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर घर सांभाळलेल्या आणि मुलं शाळेत जायला लागल्यावर कम्युनिटी कॉलेजमार्गे पुन्हा पदवीकडे वळलेल्या मैत्रिणी माझ्या ओळखीत बऱ्याच आहेत. अभ्यास त्यांना जमतो, मार्कही चांगले पडतात. अडतं ते दुसरीकडेच. तास संपला की वर्गातल्या एकोणीस वर्षांच्या मुली आपापल्या घोळक्यात जातात आणि या एकट्या पार्किंगकडे. कॅम्पसवर सोरॉरिटीचे, ग्रीक अक्षरांचे टी-शर्ट घातलेल्या मुली टेबल मांडून बसलेल्या दिसतात, तेव्हा आपल्यालाही घेतील का असं मनात येतं, पण विचारायला जीभ रेटत नाही.

घेतात. मला घेतलं तेव्हा माझी तिशी उलटली होती. पण आपल्या वयाच्या बाईने कुठून शिरायचं, काय विचारायचं आणि कशावर सही करण्याआधी थांबायचं, हे एका जागी मराठीत सांगितलेलं मला कुठे सापडलं नाही. म्हणून हे लिहिते आहे.

वयाची अट नाही, मग अडतं कुठे?

सोरॉरिटी म्हणजे विद्यार्थिनींची संघटना. तिच्या प्रत्येक कॉलेजातल्या शाखेला चॅप्टर म्हणतात आणि सभासदत्व आयुष्यभराचं असतं. सिनेमात दिसणारी मोठी पांढऱ्या खांबांची घरं बहुतेक नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्सच्या सोरॉरिटींची असतात. ही शिखर संस्था 1902 पासून आहे, तिला सगळे एनपीसी म्हणतात. तिच्या नियमांत दोन गोष्टी महत्त्वाच्या: तुम्ही त्या कॉलेजच्या व्याख्येप्रमाणे पदवीच्या रीतसर विद्यार्थिनी असायला हव्यात आणि याआधी एनपीसीच्या दुसऱ्या कुठल्या सोरॉरिटीत तुमचं इनिशिएशन, म्हणजे सभासदत्वाचा दीक्षाविधी, झालेलं नसावं. वयाची मर्यादा त्यात नाही.

अडचण येते ती उरलेल्या सेमिस्टरची. पहिल्या वर्षाची मुलगी चार वर्षं वर्गणी भरणार, कामं करणार, पुढे पदाधिकारी होणार. कम्युनिटी कॉलेजातून साठ क्रेडिट घेऊन आलेली बाई कागदोपत्री तिसऱ्या वर्षात धरली जाते, म्हणजे तिच्या हातात चारच सेमिस्टर. चॅप्टर निवड करताना हा हिशेब मांडतात. तुम्हाला नकार आला तर त्यामागे सुरकुत्या नसून हा हिशेब असण्याची शक्यता फार मोठी आहे. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचे निर्णय सोपे होतात.

त्यामुळे ट्रान्सफर झाल्यावर "आधी एक वर्ष रुळू दे, मग बघू" असं करू नका. पहिल्याच सेमिस्टरला चौकशी सुरू करा. पदवीला किमान तीन सेमिस्टर शिल्लक असताना आत जाणं चांगलं. एकच सेमिस्टर उरलं असेल तर मी स्पष्ट सांगेन की पदवीनंतरचे मार्ग बघा. ते खाली दिले आहेत.

तुमच्या कॅम्पसवर काय काय आहे ते बघा

विद्यापीठाच्या वेबसाइटवर 'फ्रॅटर्निटी अँड सोरॉरिटी लाइफ' नावाचं ऑफिस शोधा (फ्रॅटर्निटी म्हणजे मुलग्यांची अशीच संघटना). तिथे कॅम्पसवरच्या सगळ्या मान्यताप्राप्त चॅप्टरची यादी असते. ज्यांचं नाव यादीत नाही, त्यांच्यापासून लांब राहा. काही संघटना मान्यता काढून घेतल्यावरही गुपचूप चालू असतात.

या यादीत साधारण तीन-चार प्रकार दिसतील. एनपीसीच्या सोरॉरिटी एक. दुसऱ्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी उभ्या केलेल्या ऐतिहासिक सोरॉरिटी: अल्फा कप्पा अल्फा (1908), डेल्टा सिग्मा थीटा (1913), झीटा फाय बीटा (1920) आणि सिग्मा गॅमा रो (1922). पहिल्या तिघी वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात सुरू झाल्या, चौथी इंडियानापोलिसमध्ये सात शिक्षिकांनी सुरू केली. कमला हॅरिस अल्फा कप्पा अल्फाच्या. इथे इतर वंशांच्या स्त्रियांनाही प्रवेश आहे, पण ज्या इतिहासातून त्या जन्मल्या तो मनापासून समजून घेतल्याशिवाय तिथे जाऊ नये, असं मला वाटतं. त्यांची पद्धतही वेगळी. दरवर्षी प्रवेश होईलच असं नाही, आणि आपल्याला रस आहे हे चारचौघांत बोलून दाखवणं तिथे योग्य समजलं जात नाही.

तिसरा प्रकार आपल्याला जवळचा, दक्षिण आशियाई सोरॉरिटींचा. 1998 या एकाच वर्षात तीन सुरू झाल्या: ह्यूस्टन विद्यापीठात डेल्टा फाय ओमेगा, ऑस्टिनला कप्पा फाय गॅमा आणि न्यूयॉर्कच्या सेंट जॉन्समध्ये सिग्मा सिग्मा रो. पुढच्या वर्षी टेक्सस ए अँड एममध्ये डेल्टा कप्पा डेल्टा. इथे चॅप्टर छोटे असतात, बहुतेकांना घर नसतं, आणि दिवाळीला रविवारची मीटिंग का चुकवली हे समजावून सांगावं लागत नाही. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. या मुली बहुतेक इथेच जन्मलेल्या असतात. तुम्ही नागपूरहून किंवा साताऱ्याहून आलात म्हणून आपोआप जवळीक होईल, असं गृहीत धरू नका. काहींना तुमच्यात मावशी दिसेल आणि त्या जरा अवघडतील. पहिल्या भेटीत "बेटा" म्हणू नका, नावानेच बोला, आणि स्वतःलाही नावानेच हाक मारायला सांगा.

इंजिनीअरिंग करत असाल तर अल्फा ओमेगा एप्सिलॉन (1983) आणि फाय सिग्मा रो (1984) या दोन सोरॉरिटी खास अभियांत्रिकी आणि तांत्रिक शाखांच्या विद्यार्थिनींसाठी आहेत. तिथे सगळ्याजणी एकाच थर्मोडायनॅमिक्सच्या पेपरने बेजार असतात, त्यामुळे वयाचा फरक कमी जाणवतो.

मोठा रिक्रूटमेंट आठवडा की सीओबी?

एनपीसीच्या सोरॉरिटींत शिरायचे दोन रस्ते आहेत आणि आपल्यासाठी त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पहिला औपचारिक रिक्रूटमेंटचा. बहुतेक ठिकाणी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, काही कॅम्पसवर जानेवारीत. नाव नोंदवायचं, फी भरायची, आणि मग चार-पाच दिवस फेऱ्या. पहिल्या फेरीत सगळ्या चॅप्टरना भेट, नंतर त्यांच्या समाजकार्याची ओळख, मग आपापसातल्या नात्याबद्दलची फेरी, शेवटी 'प्रेफरन्स'. दर फेरीनंतर दोन्ही बाजू नावं कमी करत जातात. अलाबामा विद्यापीठात दर ऑगस्टला दोन हजारांहून जास्त मुली यात उतरतात. तिथे एका भेटीत तुम्हाला जी पाच-दहा मिनिटं मिळतात, त्यात समोरची मुलगी तुमचं नाव, वर्ष आणि हसणं एवढंच लक्षात ठेवू शकते. वर्ष ऐकल्यावर वरचा हिशेब सुरू होतो. शिवाय सकाळपासून संध्याकाळपर्यंत अडकायचं. मुलाला शाळेतून कोण आणणार?

दुसरा रस्ता म्हणजे कंटिन्युअस ओपन बिडिंग, थोडक्यात सीओबी. कॅम्पसने प्रत्येक चॅप्टरसाठी सभासदसंख्येचा एक आकडा ठरवलेला असतो. मोठा आठवडा संपल्यावर ज्यांच्या जागा शिल्लक राहतात, ते चॅप्टर सेमिस्टरभर सवडीने मुली घेऊ शकतात. इथे फेऱ्या नसतात. कॉफी, एखादं जेवण, कधी संध्याकाळी एकत्र बसून पोस्टर रंगवणं. तासभर बोलायला मिळतं. जिला तुमची गोष्ट ऐकायला वेळ आहे, तिलाच तुमची किंमत कळेल. म्हणून लहान किंवा कम्यूटर (बहुतेक विद्यार्थी घरून ये-जा करतात अशा) कॅम्पसवर असाल तर सरळ सीओबीच धरा. मोठ्या दक्षिणी विद्यापीठात असाल तर अधिकच.

काय करायचं ते सांगते. सप्टेंबरच्या मध्यावर, औपचारिक आठवडा संपल्यावर, फ्रॅटर्निटी-सोरॉरिटी ऑफिसला छोटा ईमेल लिहा. त्यात चारच गोष्टी हव्यात: तुमचं वर्ष आणि उरलेली सेमिस्टर, जीपीए, तुम्ही कॅम्पसबाहेर राहता ही बाब, आणि या सेमिस्टरला कोणते चॅप्टर सीओबी करत आहेत हा प्रश्न. वय ईमेलमध्ये लिहायची गरज नाही. वसंत सेमिस्टरला जानेवारीत पुन्हा विचारा, कारण डिसेंबरमध्ये काहीजणी पदवीधर होऊन बाहेर पडतात आणि जागा होतात.

जीपीएबद्दल: बऱ्याच चॅप्टरची किमान अट 2.5 ते 3.0 च्या दरम्यान असते. ट्रान्सफर विद्यार्थिनींसाठी कम्युनिटी कॉलेजचे मार्क धरतात का, हे आधीच विचारा आणि ट्रान्सक्रिप्ट हाताशी ठेवा. पंधरा वर्षांपूर्वीच्या पुणे किंवा मुंबई विद्यापीठाच्या मार्कशीटचा इथे सहसा उपयोग होत नाही.

भेटीत काय बोलायचं

स्वतःबद्दल बोलणं आपल्याला जड जातं. घरात आपण सगळ्यांची चौकशी करतो, स्वतःचं मात्र शेवटी. या भेटीत ते उलटं करावं लागतं.

पहिला प्रश्न बहुतेक "तू कुठल्या डॉर्ममध्ये राहतेस?" असाच येतो. समोरच्या मुलीने तो सवयीने विचारलेला असतो. त्यावर ओशाळून "नाही, मी जरा मोठी आहे, माझं लग्न झालंय" असं पुटपुटलं की तीही गोंधळते आणि गप्पा तिथेच थांबतात. त्याऐवजी मोकळेपणाने सांगा: "मी इथून वीस मिनिटांवर राहते, नवरा आणि सात वर्षांचा मुलगा आहे. दोन वर्षांपूर्वी पुन्हा कॉलेज सुरू केलं, अकाउंटिंग करतेय. तुम्ही सगळ्या परीक्षेच्या आधी अभ्यासाला कुठे बसता?" तीन वाक्यांत सगळं आलं. लपवलं काहीच नाही, आणि शेवटचा प्रश्न तिच्या रोजच्या आयुष्यातला असल्यामुळे ती लगेच बोलायला लागते. लायब्ररीचा चौथा मजला, तिथली तुटकी व्हेंडिंग मशीन, कोण घोरतं. इथून गप्पा आपोआप वाहतात.

वय लपवू नका, आणि त्याची माफीही मागू नका. तुम्ही काय देऊ शकता ते एका उदाहरणाने सांगा. मराठी मंडळाच्या गणपतीत दोनशे माणसांच्या जेवणाची जबाबदारी सांभाळली असेल तर ते सांगाच. निधी गोळा करायचा कार्यक्रम कसा उभा करायचा हे एकोणीस वर्षांच्या मुलीला अजून शिकायचं असतं, तुम्हाला ते येतं. मात्र सल्ले देत सुटू नका. त्यांना आणखी एक आई नको असते.

संकेत म्हणून मुलगे, दारू, पैसा, धर्म आणि राजकारण हे विषय या भेटीत टाळतात. नवऱ्याचा उल्लेख यात येत नाही.

सहीआधी पैसे आणि वेळ कागदावर मागा

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, सावकाश वाचा.

खर्च चॅप्टरगणिक फार बदलतो. घर नसलेल्या छोट्या चॅप्टरमध्ये सेमिस्टरला काही शे डॉलर, तर मोठ्या घरांच्या कॅम्पसवर राहण्याजेवणासकट काही हजार. पहिल्या सेमिस्टरला नव्या सभासदाची फी, इनिशिएशनची फी आणि बॅज वेगळा. वर टी-शर्ट, वार्षिक नृत्याचं तिकीट, भेटवस्तू. यातल्या बऱ्याच गोष्टी वर्गणीच्या आकड्यात धरलेल्या नसतात. बिड, म्हणजे सभासदत्वाचं आमंत्रण, येण्याआधी खजिनदाराकडे आर्थिक माहितीचा कागद मागा. चांगला चॅप्टर तो विनाकुरकुर देतो. जो "नंतर सांगतो" म्हणतो, तिथे मी पाऊल टाकणार नाही. हप्ते पाडून देतात का, आणि राष्ट्रीय संस्थेच्या फाउंडेशनची शिष्यवृत्ती आहे का, हेही विचारा.

पुढचे प्रश्न मी प्रत्येक मैत्रिणीला वहीत लिहून घ्यायला लावते:

- घरात राहायची सक्ती आहे का? विवाहित किंवा मूल असलेल्या सभासदाला सूट कोण देतं, आणि ती लेखी मिळते का?
- घरात न राहणाऱ्यांना वेगळी फी पडते का?
- आठवड्याची मीटिंग कधी असते? (बहुधा रविवारी किंवा सोमवारी संध्याकाळी, नेमकी मुलांच्या झोपायच्या वेळेला.)
- कार्यक्रम चुकला तर दंड आहे का? मूल आजारी पडलं तर ते कारण ग्राह्य धरतात का?
- फुल-टाइम, म्हणजे सहसा बारा क्रेडिट, असणं सक्तीचं आहे का?

शेवटचा प्रश्न व्हिसाशी जोडलेला आहे. एच-४ वर तुम्ही पार्ट-टाइम शिकू शकता, त्यामुळे दोन विषय घेऊन निवांत चाललेलं असतं. पण चॅप्टरला फुल-टाइम विद्यार्थिनी हवी असेल तर फीचा आणि वेळेचा सगळा मेळ बदलतो. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असाल तर पदवीला बारा क्रेडिट तशीही सक्तीची आहेत, आणि चॅप्टरच्या कामापायी एखादा विषय सोडायची वेळ आली तर आधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी ऑफिसला विचारल्याशिवाय काहीही करू नका.

घरच्यांशीही याच टप्प्यावर बोला. नवऱ्याला "आठवड्यातली एक संध्याकाळ आणि महिन्यातला एक शनिवार" असं ठोस सांगितलं तर तो ठोस उत्तर देऊ शकतो. "एक क्लब जॉइन करतेय" एवढ्यावर मिळालेला होकार पहिल्याच दीक्षाविधीच्या शनिवारी गळून पडतो. सासूबाई आलेल्या असतील तर त्यांना फोटो दाखवून सांगा, लपवण्यासारखं यात काही नाही.

बिड आणि बंधनकारक करार

बिड म्हणजे सभासदत्वाचं आमंत्रण. औपचारिक रिक्रूटमेंटमध्ये शेवटच्या फेरीनंतर लगेच एका करारावर सही घेतात, ज्यात तुम्ही पसंतीची नावं लिहिता. त्या यादीतल्या चॅप्टरने बिड दिली आणि तुम्ही ती नाकारली, तर त्या कॅम्पसवर पुढच्या वर्षीच्या औपचारिक रिक्रूटमेंटपर्यंत तुम्हाला दुसऱ्या कुठल्याही एनपीसी सोरॉरिटीत जाता येत नाही. मुलींना वर्षं शिल्लक असतात. आपलं एक वर्ष गेलं म्हणजे बहुतेक सगळंच गेलं. म्हणून ज्या चॅप्टरमध्ये जायचंच नाही त्याचं नाव केवळ भिडेखातर लिहू नका. सीओबीतही बिड स्वीकारताना असाच बंधनकारक कागद असतो. तो घरी नेऊन वाचायला वेळ मागायला लाजू नका.

नव्या सभासदाचे आठवडे

बिड घेतल्यावर साधारण सहा-आठ आठवडे शिकण्याचे. इतिहास, नियम, ओळखी, आणि शेवटी इनिशिएशन. याच काळात तुम्हाला एक 'बिग' मिळते, म्हणजे मोठी बहीण. ती तुमच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान असणार. तिला तिचं मोठेपण मनापासून द्या. चॅप्टरमधलं तिला कळतं, तुम्हाला नाही. माझ्या बिगने मला पहिल्या मीटिंगला कुठल्या रांगेत बसायचं इथपासून सगळं शिकवलं, आणि तिच्या पहिल्या नोकरीच्या मुलाखतीआधी रात्री अकराला तिने फोन केला तो मला. हे नातं दोन्हीकडून चालतं, पण सुरुवातीला शिकणारी तुम्हीच असता.

एक गोष्ट कायद्याची. तुमचं वय एकवीसच्या वर आहे, बऱ्याच जणींचं नाही. कधीतरी कुणीतरी लाडीगोडीने दारूच्या दुकानातून काहीतरी आणायला सांगेल. एकवीसच्या आतल्या व्यक्तीला दारू आणून देणं हा गुन्हा आहे आणि व्हिसावर असलेल्या बाईला तो फार महाग पडू शकतो. पहिल्याच वेळी, हसून पण ठाम, नाही म्हणा. पुन्हा कुणी विचारत नाही.

दुसरी गोष्ट हेझिंगची. नव्या सभासदांना अपमानित करणं, झोपू न देणं, खाजगी कामं करून घेणं, बळजबरीने पाजणं, हे सगळं त्यात येतं. हे फक्त गोऱ्या मुलांच्या फ्रॅटर्निटीत होतं असा आपल्याकडे समज आहे, तो चुकीचा आहे. 2013 मध्ये न्यूयॉर्कच्या बारूक कॉलेजचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी एका आशियाई फ्रॅटर्निटीच्या अशाच विधीत मरण पावला. डिसेंबर 2024 मध्ये हेझिंगविरोधी केंद्रीय कायदा झाला आणि कॉलेजांना दोषी ठरलेल्या संघटनांची माहिती जाहीर करणं बंधनकारक झालं. तो अहवाल तुमच्या विद्यापीठाच्या वेबसाइटवर शोधा आणि ज्या चॅप्टरचा विचार करताय त्याचं नाव त्यात आहे का बघा. बिड घेण्याआधी. आत गेल्यावर असं काही दिसलं तर ऑफिसला कळवा, किंवा 1-888-668-4293 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नाव न सांगताही बोलता येतं. तुमच्या शेजारी उभी असलेली अठरा वर्षांची मुलगी कदाचित बोलू शकणार नाही. तुम्ही बोलू शकता.

जमलं नाही किंवा पदवी जवळ आली असेल तर

एनपीसीच्या काही सोरॉरिटी पदवीनंतर, माजी विद्यार्थिनी म्हणून थेट सभासद करून घेतात. याला अल्युम्ना इनिशिएशन म्हणतात. पदवीचं शिक्षण चालू असेपर्यंत हा मार्ग साधारणपणे बंद असतो, म्हणून शेवटच्या सेमिस्टरला घाईने कुठेतरी शिरण्यापेक्षा थांबलेलं बरं. एनपीसीच्या एका सोरॉरिटीत इनिशिएशन झालं की दुसरीत कधीच जाता येत नाही. कृष्णवर्णीय सोरॉरिटींचे पदवीधरांचे चॅप्टर तर त्यांच्या कामाचा कणाच आहेत, आणि तिथे तिशी-चाळिशीत येणाऱ्या स्त्रिया ही रोजची गोष्ट आहे.

पदवीची अटच नको असेल तर बीटा सिग्मा फाय आहे, 1931 मध्ये कॅन्ससच्या अ‍ॅबिलीनला सुरू झालेली, कॉलेजशी संबंध नसलेली. आणि शिक्षणात खंड पडलेल्या प्रत्येकीला मी पी.ई.ओ. सिस्टरहुडचं नाव सांगते. 1869 मध्ये आयोवात सुरू झालेली ही संघटना. शिक्षण मध्येच थांबलेल्या स्त्रियांसाठी तिचा अनुदानाचा वेगळा कार्यक्रम आहे; त्याला नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं, म्हणून एच-४ वर असताना नाही, पण कार्ड हातात आल्यावर जवळच्या चॅप्टरकडे जरूर चौकशी करा. मार्क चांगले असतील तर प्रौढ विद्यार्थ्यांची अल्फा सिग्मा लॅम्डा ही मानसंस्था (ऑनर सोसायटी) तुमच्या विद्यापीठात आहे का, हे प्रौढ विद्यार्थी विभागात विचारून घ्या. तिथे निमंत्रण मार्कांवर आणि क्रेडिटवर येतं.